छगनच्या नावाची मूठ

वर्षा खोटी ठरली तर सरलाबाईला पुष्कळ मिळणार होतं. पहिली मिळकत म्हणजे कानबाई, कुळाची देवी. सुरतेजवळ भेस्तानच्या पत्र्याच्या चाळीत राहायला आल्यापासून दर श्रावणात खानदेशात जायचं, थोरल्या घरी मागे चुलीपाशी बसून धुरानं डोळे लाल करून घ्यायचे आणि एसटीनं परत यायचं, असंच चाललेलं. यंदा पहिल्यांदाच भाऊबंदांनी सुरतेत कानबाई मांडायचं ठरवलं आणि मान सुकदेवच्या घराला, म्हणजे त्याच्या बायकोच्या, सरलाबाईच्या चौरंगाला दिला. दुसरी मिळकत लखन, तिचा मुलगा. सुकदेवचा चुलतभाऊ छगन लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, शेडमध्ये कारागिरांवरचा मास्टर होता. लखनला हाताखाली घेऊन मास्टर करायचा शब्द त्यानं दिला होता, आणि मास्टर झालेल्या पोराला मुलगी द्यायला माणसं नंदुरबारहून आपल्या खर्चानं येतात. बाकी किरकोळ लाभ धरायचे तर नळावर पहिला हंडा आणि छगनच्या बायकोनं, पुष्पाबाईनं, सगळ्यांदेखत वाकून केलेला नमस्कार. वर्षा खरी ठरली तर? तर एक पोर खरी ठरली असती, एवढंच. असला तोट्याचा व्यवहार सरलाबाईनं जन्मात केला नव्हता.

आणि तरी शनिवारी दुपारी, ती दारात बसून रोटांचे गहू निवडत असताना, वर्षा सूप परत द्यायला आली आणि सूप खाली ठेवता ठेवता खाली बघूनच म्हणाली, "काकी, छगनकाकानी मूठ नको धरजो." एवढंच बोलली आणि गेली. सरलाबाईच्या बोटांत एक खडा होता, तो तिनं टाकायचा सोडून परत गव्हात टाकला.

कुणी परक्यानं ऐकलं असतं तर त्याला यात काही वाटलं नसतं. पण कानबाईचे रोट म्हणजे हॉटेलातल्या रोट्या नव्हेत. कुळातल्या प्रत्येक पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावानं सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे. ते दळून जे रोट होतात ते भाऊबंदांनीच खायचे, भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यालासुद्धा तुकडा द्यायचा नाही. पाळण्यातल्या पोराची मूठ असते. दारू पिऊन गटारात पडतो त्याची असते. पळून गेलेल्याची, तुरुंगात असलेल्याची, सगळ्यांची असते. मूठ नसते ती फक्त मेलेल्याची. आणि बायकांची. बायका मुठी भरतात, दळतात, भाजतात. त्यांच्या नावानं कधी कुणी गहू टाकले नाहीत आणि टाकावेत असं कुणा बाईच्याही मनात आलं नाही. जित्या पुरुषाची मूठ टाळायची म्हणजे त्याला कुळातून उचलून सरळ मसणात नेऊन ठेवायचं. हे पोरीला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच ती बोलली होती, आणि तेही आपल्या आईशी, म्हणजे सरलाबाईच्या विधवा जावेशी, सखुबाईशी, न बोलता काकीशी बोलली होती. का? काकीवर एवढा भरवसा हिनं कुठल्या बळावर टाकला? सरलाबाईला त्या भरवशाचा राग आला. उधारीवर माल टाकून जावं तसा तो कुणी न विचारता दारात टाकून गेली होती.

तिला शेड आठवायचं नव्हतं, म्हणून ते आठवलं. नेहमीचं शेड आठवणं सोपं असतं, कारण त्यात काही ऐकूच येत नाही. लूमचा खडखडाट दाताच्या मुळांपर्यंत जातो आणि माणसं ओठ हलवून, हातवारे करून बोलतात. पण गेल्या आठवड्यातला तो दिवस वीज बंद असायचा वार होता. ती छगनला कानबाईचं आवतण द्यायला गेली होती, थोरल्या जावेनं स्वतः जाऊन द्यायचं असतं म्हणून, नवं लुगडं नेसून, हातात कुंकवाचा करंडा घेऊन. सगळे लूम गप्प उभे. त्या गप्प लोखंडातून चालताना तिला आपल्याच चपलांची लाज वाटली. टोकाला बॉबिनची, सुताच्या रिळांची, खोली, तिला खिडकी नाही, दार लावलेलं. वर्षा तिथं बॉबिन भरायला जायची हे तिला माहीत होतं. मास्टरनं सुट्टीच्या दिवशी मोजदादीला बोलावलंय हे सकाळीच सखुबाईनं कौतुकानं सांगितलं होतं. दाराशी ती पोचली आणि आतून आवाज आला. आरोळी नव्हती ती. "काका," असं एकदाच. लहानपणी पोरं जत्रेत हात सुटल्यावर म्हणतात तसं. मग काहीतरी सांडल्याचा, बॉबिन फरशीवर घरंगळत गेल्याचा आवाज, बराच वेळ. सरलाबाई उभी राहिली. करंड्याचं झाकण सैल होतं, ते तिनं दाबून बसवलं. मग ती वळली आणि आली तशी, लूमच्या रांगांमधून, बाहेरच्या उन्हात आली, आणि नाक्यावर तिनं उसाचा रस घेतला. रस गोड होता. त्या गोडीची चव तिच्या तोंडात अजून होती, तोच तर त्रास होता.

त्याच दिवशी संध्याकाळी सखुबाईचा आकांत झाला. वर्षानं पहिल्या दमात नाव सांगितलं होतं, छगनकाका. ते सगळ्यांनी ऐकलं आणि मग सगळे मिळून ते न ऐकलेलं करायला बसले. हे काम भाऊबंदांना फार छान जमतं. छगन स्वतः तिथंच खाटेवर बसला होता, डोक्याला हात लावून, जणू त्याच्याच घरात चोरी झाली. एकानं विचारलं, लाइट नव्हती ना? मग तोंड कसं दिसलं? वर्षा म्हणाली, तोंड बघायची काय गरज, त्यांचा आवाज, त्यांच्या अंगाचा तेलाचा वास. "तेलना वास तं बठास्ले येस," सुकदेव म्हणाला, आणि दोघे-तिघे हसलेसुद्धा, कारण ते खरंच होतं, लूमवाल्या सगळ्यांच्याच अंगाला तो वास येतो. आरोळी कसाले नई मारी? ओढणी होती का अंगावर? गुजराती पोरींसारखी खिदळत बोलायची सवय तुला कुणी लावली? प्रश्न एकामागून एक येत होते आणि त्यातला एकही छगनच्या खाटेच्या दिशेनं जात नव्हता. पोर भिंतीला टेकून उत्तरं देत होती. मग तिनं उत्तरं देणं बंद केलं, तर तेही धरलं, बघा, आता कशी गप्प झाली.

त्या वेळी सरलाबाई बोलली. कुणी विचारलं नव्हतं. भाजीत मीठ टाकावं इतक्या सहज ती म्हणाली, "आपलामा असं नई व्हस. त्या उडिया लोके ऱ्हातस ना तथा, त्यास्नामा व्हस असं." आणि खोलीतल्या सगळ्यांचे खांदे खाली आले. ते तिला स्पष्ट दिसलं. काय मोकळं वाटलं सगळ्यांना! आपल्यात होत नाही म्हटल्यावर आपल्यातल्यानं केलं नाही, आणि आपल्यातल्यानं केलं नाही म्हटल्यावर शोधायचं फक्त बाहेर. बाहेर बनमाली सापडायला कितीसा वेळ. शेडमागच्या मेसमध्ये उडिया कारागिरांबरोबर राहायचा, पान खायचा, आणि एकदा वर्षाची पडलेली चप्पल त्यानं उचलून दिली होती, हे आठवणारे चार साक्षीदार तिथल्या तिथे निघाले. त्याला लूमच्या लाकडी पट्ट्यांनी मारलं. मारणाऱ्यांत छगन पुढे होता. पोरीचा काका, त्याचा हक्कच होता. त्या माणसाला नीट हिंदीही येत नव्हती. तो कशाबद्दल मार खातोय हे त्याला शेवटपर्यंत कळलं की नाही, कोण जाणे. दुसऱ्या दिवशी तो गावाला गेला, ओडिशात गंजामकडे कुठंतरी, एका हातानं, कारण दुसरा बांधलेला होता. मेसमध्ये स्वयंपाक करणारी म्हातारी नळावर सरलाबाईच्या शेजारी हंडा लावताना म्हणाली, "तुम मराठी लोगों का ऐसाच है. घर का पाप, मार बाहर वाले को." सरलाबाई तिच्या अंगावर धावून गेली. सगळ्या मराठी लोकांना नावं ठेवतेस? सगळ्यांना? तेव्हा तिला खरोखर राग आला होता, अगदी न्यायाचा राग.

तसं बघितलं तर सुरतेत प्रत्येकाच्या खाली एकेक मजला होता आणि घाण नेहमी खालच्याच मजल्यावर असायची. सखुबाईनं हट्ट केला म्हणून सरलाबाई तिच्याबरोबर चौकीत गेली होती. जमादार चहात खारी बुडवत होता. "जुओ बेन," तो मायेनं म्हणाला, "तमारा लोकोमां एक खोलीमां दस जण सूए, पछी आवुं ज थाय." एका खोलीत दहाजण झोपले की असंच होणार, म्हणून त्यानं लिहून काही घेतलं नाही, पोरीला गावी पाठवा म्हणाला. ज्या शेठाणीकडून सरलाबाई साड्यांचे धागे कापायला घरी आणायची, तिनं बातमी ऐकून कानाला हात लावले आणि म्हणाली, "अमारामां छोकरी आम एकली जाय ज नहीं." त्या शेठाणीची नणंद वर माळ्यावर राहायची, खाली कधी यायची नाही, आणि तिचं नाव निघालं की घरात टीव्हीचा आवाज मोठा व्हायचा. पण ते त्यांच्यातलं. कुणाच्यातच होत नव्हतं. इतक्या सगळ्या लोकांच्यात होत नव्हतं की पोरीला जे झालं ते हवेनंच केलं असावं, प्लेगच्या साली हवेनं ताप आला म्हणत होते तसं.

मग तोडगा निघाला. तोडगा नेहमी निघतो, आणि तो पोरीच्याच अंगावर निघतो. बारडोलीच्या साखर कारखान्यात ट्रॅक्टर चालवणारा एक बिजवर होता, एक मूल होतं, पीत होता पण फार नाही. छगननंच तो शोधला. सोमवारी कानबाई उठली की तिसऱ्या प्रहरी ते लोक येणार, कुंकू लावणार आणि पोर घेऊन जाणार. चौकीचा एक हट्ट सोडला तर सखुबाई नवरा मेल्यापासून सगळ्यांच्या हो ला हो म्हणत आली होती, तिनं यालाही हो म्हटलं. वर्षाला कुणी विचारलं नाही, पण वर्षा काल सरलाबाईला नळावर म्हणाली होती, "काकी, मी खरं सांगस हाई एक जरी मानूसनी म्हटं, तं मी नई जाऊ." पोर खरं सांगते म्हणणारा एक माणूस. तेवढंच भांडवल मागत होती.

"आक्का, बसूत ना?" शनिवारी गहू निवडून झाल्यावर पुष्पाबाई आत आली, पाठोपाठ बाकीच्या जावा. पुष्पाबाई हिरव्या साडीत, केसात गजरा, चेहऱ्यावर पावडर जरा जास्त. गेले काही दिवस ती जास्तच नटत होती आणि नवऱ्याचं नाव वाक्या-वाक्याला घेत होती. हिला माहीत आहे, सरलाबाईच्या मनात आलं, आणि त्याबरोबर तिला पुष्पाबाईबद्दल भलतीच जवळीक वाटली, एकाच दुकानातून एकच खराब माल घेतलेल्या दोन बायकांना वाटावी तशी. भिंतीशी केळीचे खांब बांधून झाले होते. चौरंगावरचा नारळ अजून नुसता नारळ होता. उद्या त्याला डोळे लागणार, नथ लागणार आणि ती कानबाई होणार. सखुबाई कोपऱ्यात लाल भोपळा चिरत होती. विधवेनं मुठींना हात लावायचा नाही म्हणून ती लांब होती, आणि वर्षा उंबऱ्याबाहेर पाण्याची कळशी घेऊन, आत आलीही नव्हती आणि गेलीही नव्हती.

सूप पुढे ओढलं. एक जाऊ नावं सांगू लागली, थोरल्यापासून. गावाकडच्या सासऱ्याचं नाव, मूठ. सुकदेव, मूठ. सरलाबाईचा हात गव्हात जात होता, मिटत होता, सुपावर उघडत होता. वरची पाव मूठ चिमटीनं. गव्हाला उन्हाचा ऊबदार वास होता. हाताला हे काम इतकं ओळखीचं होतं की मन मोकळं राहिलं, आणि मोकळं मन तिला नको होतं. लखन, मूठ. लखनची मूठ तिनं जरा दाबून भरली. किती सोपं होतं. गव्हाच्या मुठीनं काय होतं? टाकली तर तो चांगला ठरत नाही, टाळली तर मरत नाही. टाकायची आणि सोमवारपर्यंत गप्प बसायचं. पोरी जातातच. तिला स्वतःला कुणी विचारलं होतं? तिच्या लग्नाच्या वर्षी दिरानं, जाऊ दे, तो मेला, त्याच्या नावाची आता मूठही नसते. हे इतक्या वर्षांनी का वर आलं? तेव्हा सासू म्हणाली होती, आपलामा असं नई व्हस. तेच शब्द. म्हणजे त्या संध्याकाळी खोलीत जे ती बोलली होती ते तिचं नव्हतंच. सासूनं तिला दागिन्यांबरोबर दिलेलं होतं आणि तिनं ते सांभाळून ठेवून वेळेवर वापरलं होतं.

"छगन," जाऊ म्हणाली.

सरलाबाईचा हात गव्हात होता. दाणे बोटांच्या बेचक्यांतून वर आले होते. आता मिटायचा. ती मिटायला गेली आणि हात मिटला नाही. तिनं ठरवलं वगैरे काही नव्हतं. हात उघडाच वर आला, रिकामा, आणि सुपावरून परत मांडीवर आला.

"फुडलं नाव सांग," ती म्हणाली.

"आक्का, चुकनी तू," पुष्पाबाई हसून म्हणाली. "यासनी मूठ ऱ्हायनी."

"ऱ्हायनी नई. धरी नई मी." आणि मग, खोलीत कुणी काही बोलायच्या आत, ती म्हणाली, "मी आयकं. त्या दिनले शेडमा आवतण देवाले गयतू मी. दारना भायेर उभी व्हतू. पोर खरं सांगस."

आता कुणाला वाटेल की खोली हादरली ती या बोलण्यानं. छे. ते बोलणं कुणाच्या कानात शिरलंच नाही. पुष्पाबाई किंचाळली ती सुपाकडे बघून. "जित्ता मानूसनी मूठ टाळी वं! मन्हा धनीना जीववर उठनी हाई!" ती छाती पिटू लागली, गजरा सुटला, एकीनं तिला धरलं, दुसरी बाहेर धावली. आणि चहाला उकळी यायला लागतो तेवढ्या वेळात सगळे भाऊबंद हजर. शेड सोडून आले, कुणी अंघोळीच्या टॉवेलवर आले. पोरीच्या वेळी ज्यांना पाळीवरून सुटता येत नव्हतं ते सगळे सुटले. छगन आला तो पांढराफटक. तो खरंच घाबरला होता. छातीवर हात ठेवून भिंतीला टेकला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "वहिनी, मी तुन्हं काय वाईट कयं?" असं त्यानं विचारलं, आणि त्याचं हे विचारणं इतकं मनापासूनचं होतं की दोन बायका रडल्या. बॉबिनच्या खोलीतली गोष्ट त्यानं केव्हाच विसरून टाकली होती; आता तो नुसता एक माणूस होता ज्याला जिवंतपणी मेलेल्यांत काढलं होतं.

"तुले कोनी शिकाडं हाई?" सुकदेव ओरडला. सरलाबाईनं परत सांगितलं, आवाज, बॉबिन, दार. तेव्हा कुठे एकाला ऐकू आलं, आणि त्यानं विचारलं, "उभी व्हती तं दार कसाले नई ठोकं? आरोळी कसाले नई मारी?" तेच प्रश्न. त्या संध्याकाळी पोरीला विचारलेले, जसेच्या तसे, आता तिच्याकडे वळले. फरक एवढाच की पोरीच्या बाबतीत ते उलटे होते आणि तिच्या बाबतीत बरोबर. चौरंग, लखन, पहिला हंडा, असं ती म्हणू शकत नव्हती. मग तिची खोट निघाली: लखनला अजून मास्टर केलं नाही म्हणून हिनं डाव धरला, बायकांना मान दिला की असं होतं, आधी उडियाचं नाव हिनंच घेतलं होतं ना? ते मात्र खरं होतं.

या सगळ्या गलक्यात उंबऱ्याबाहेरून वर्षाचा आवाज आला. मोठा नव्हता, पण लूम बंद असताना ऐकू येतो तसा आला.

"काकी, तू भायेर व्हती?"

सरलाबाईनं वर पाहिलं. पोरीच्या चेहऱ्यावर जे होतं ते तिनं आजवर पोर पुरुषांकडे बघायची तेव्हाच पाहिलं होतं. आपण आत्ता हिच्यासाठी काहीतरी केलं, असं सरलाबाईला वाटत होतं. त्या वाटण्याला कुणीतरी तळाशी भोक पाडलं.

"व्हतू," ती म्हणाली.

वर्षानं कळशी खाली ठेवली, नीट, पाणी न सांडता, आणि आईला हाक मारली. सखुबाई भोपळा तसाच टाकून उठली.

त्यानंतरचं सगळं भाऊबंदांनी झपाट्यानं उरकलं. ज्या घरात जित्या माणसाची मूठ टाळली तिथं कानबाई बसत नाही, यावर कुणाचंच दुमत नव्हतं. केळीचे खांब सोडले, चौरंग उचलला, नारळ पदराखाली झाकला, आणि मिरवणुकीनं सगळं छगनच्या घरी गेलं, कारण मरणातून परत आलेल्याच्या घरी मान द्यायची रीत चांगली, असं एका म्हाताऱ्याला वेळेवर आठवलं. पुष्पाबाईनं नवऱ्याच्या नावाची मूठ दोनदा धरली. सुकदेव चौरंगाचा एक पाय धरून गेला आणि सोमवारपर्यंत परत आला नाही. लखन निरोप द्यायला आला, मास्टरनं हाताखालून काढलंय, आणि आईच्या हातचं पाणी न पिता गेला. बारडोलीच्या लोकांच्या कानावर कुणीतरी घातलं. त्यांनी कळवलं, तुमच्यात असलं चालत असेल, आमच्यात चालत नाही.

रविवारी सकाळी सखुबाई आणि वर्षा कामरेजला निघाल्या. तिकडे एका कारखान्यात बायकांना काम मिळतं म्हणे, खोलीही मिळते. टेम्पोत एक पेटी, एक गादी, स्टो. सरलाबाई गादीचं एक टोक धरायला पुढे झाली.

"तू नको येऊ," वर्षा म्हणाली. शिवी नव्हती. तिनं गादी एकटीनं चढवली.

टेम्पो गेल्यावर सरलाबाई दारात बसली. छगनच्या घरून कानबाईची गाणी यायला लागली होती, ढोलावर. तिला सवय होती, कुठलंही कार्य झालं की कुणाला काय पडलं ते मनाशी मांडून बघायची. तिनं मांडलं. बनमालीनं दिलं, एक हात आणि सुरत, आणि कशाचं देतोय हे त्याला कुणी सांगितलंही नाही. सखुबाईनं घर दिलं. वर्षानं सगळ्यांत आधी दिलं होतं, सगळ्यांत जास्त, आणि अजून तिचं फिटलेलं नव्हतं. आपण दिलं ते उशिरा दिलं, आणि जिला द्यायचं होतं तिनं ते घेतलं नाही. छगनकडे कुणी मागायलाच गेलं नव्हतं.